पगार २१,००० च्या पुढे गेला की डॉक्टर कोणाचा?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग करणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी कर्मचारी विभाग आणि पगारपत्रक सांभाळते. दरवर्षी मार्च संपत आला की गटविम्याच्या नूतनीकरणासाठी दलाल येतात, आणि अलीकडे त्यांच्या फाईलमध्ये एक जादा पान असते: कर्मचाऱ्यांना कंपनीच्या खर्चाने खासगी डॉक्टरांचा सल्ला, फोनवर किंवा दवाखान्यात. यंदा मालकांनी ते पान माझ्याकडे सरकवून "हे घ्यायचं का?" एवढेच विचारले. माझे उत्तर असे, की सोय अवश्य द्यावी. मात्र पगारवाढीमुळे ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ठराविक वेतनापर्यंतच्या कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) बाहेर पडलेल्या माणसाला समोर ठेवून ती आखावी, आणि त्याने डॉक्टरला काय सांगितले ते कंपनीला कधीही कळता कामा नये. ही दुसरी अट पाळणे जमणार नसेल, तर तेवढे पैसे सरळ पगारात घातलेले बरे.

आधी ईएसआयविषयी, कारण कार्यालयातली मंडळी तिला नावे ठेवतात आणि तिच्यात काय मिळते हे फारसे कोणी पाहत नाही. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सरकारला दिला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्षात आली. आज मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. जुलै २०१९ पूर्वी हेच दर अनुक्रमे ४.७५ आणि १.७५ होते. म्हणजे २०,००० रुपये वेतन असलेल्या माणसाचे १५० रुपये कापले जातात आणि कंपनी ६५० घालते. या ८०० रुपयांत तो स्वतः, बायको, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांना दवाखाना, औषधे, तपासण्या आणि रुग्णालय मिळते, आणि आजारपणात घरी बसावे लागले तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कमही मिळते. बाजारातली कोणतीही खासगी पॉलिसी या पैशांत इतके देत नाही. रांग असते, औषध कधी संपलेले असते, पाहिजे तो तज्ज्ञ त्या दिवशी नसतो, हे सगळे खरे आहे. तरीही साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्या महिन्याच्या महिन्याला तिथूनच आणणारी कुटुंबे आमच्याकडे बरीच आहेत.

अडचण मर्यादेची आहे. वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये आहे. आमच्या वाइंडिंग विभागातल्या एखाद्या जुन्या कारागिराचा पगार २०,६०० वरून २१,४०० झाला, की तो पेढे वाटतो आणि मी मनातल्या मनात हिशेब करते. वाढ अंशदानाच्या सहामाहीच्या मध्ये झाली असेल तर ती सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, त्याची वर्गणी चालू राहते आणि त्या वर्गणीच्या बळावर पुढचे काही महिने उपचारही मिळतात. त्यानंतर मात्र घरातल्या पाच-सहा माणसांचा बाह्यरुग्ण (रुग्णालयात दाखल न होता घेतलेला) उपचार एकदम बंद होतो. आठशे रुपयांची वाढ आईच्या रक्तदाबाच्या आणि सांधेदुखीच्या औषधांतच जाते. पगारवाढ पुढच्या सहामाहीपर्यंत लांबवा, अशी विनंती घेऊन माणसे माझ्याकडे येतात. बाहेरच्या कोणाला ते विचित्र वाटेल, पण त्यांचा हिशेब चुकीचा नसतो.

अशा माणसाला कंपनी काय देते? गटविमा. आणि गटविमा म्हणजे साधारणपणे रुग्णालयात निदान चोवीस तास दाखल झाल्यावर लागू होणारी गोष्ट. मोतीबिंदू, डायलिसिस यांसारखे दिवसभरात उरकणारे काही उपचार अपवाद म्हणून त्यात बसतात. आयुष्मान कार्डाचे स्वरूपही मुख्यत्वे दाखल रुग्णाचेच. आमच्या कारखान्यातली रोजची दुखणी पाहिली तर त्यांतले क्वचितच काही खाटेपर्यंत पोहोचते. वेल्डरच्या डोळ्यांना वेल्डिंग लागते, म्हणजे काच नीट न धरता ठिणगी मारल्यावर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते आणि पाणी वाहत राहते. टाकी उचलणाऱ्यांची कंबर धरते. पेंट शॉपमधल्यांना खोकला सुटत नाही. मे महिन्यात शेडखाली चक्कर येते. आणि चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या माणसांना बहुधा साखर किंवा रक्तदाब आहे, पण ते कोणीही तपासलेले नाही. यातल्या कशासाठीही गटविम्याचे कार्ड उपयोगी पडत नाही; लागतो तो डॉक्टर, संध्याकाळी सात वाजता, घराजवळ.

वडोदऱ्यात ही कल्पना नवीन नाही. खत कारखान्याच्या फर्टिलायझरनगरात आणि रिफायनरीच्या जवाहरनगरात राहिलेल्या मराठी कुटुंबांना कंपनीची डिस्पेन्सरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात दर दोन घरांमागे एकजण तरी अशा एखाद्या मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेला आहे, आणि निवृत्तीनंतर त्याला सर्वात जास्त आठवण येते ती याच डिस्पेन्सरीची. परंतु ती हजारो माणसांच्या कारखान्यांची ऐपत होती. कायद्यानुसार पाचशेहून अधिक कामगार असतील तर उपचारखोली ठेवावी लागते. आमच्यासारख्यांना दर दीडशे माणसांमागे एक प्रथमोपचार पेटी पुरते. पेटीत बँडेज आणि आयोडीन असते, आणि सुट्टीच्या दिवशी किल्ली ज्याच्याकडे असते तो गावाला गेलेला असतो.

दलालांचे ते पान मुळात परदेशातल्या नमुन्यावरून घेतलेले दिसते. ब्रिटनमध्ये जुलै १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा आहे आणि जवळचा जीपी (जनरल प्रॅक्टिशनर, नेहमीचा डॉक्टर) रुग्णाकडून फी घेत नाही. तिथली कंपनी खासगी जीपी देते ती वाट पाहण्याचा वेळ वाचावा म्हणून. आपल्याकडे तरसाली किंवा मांजलपूरला कोपऱ्याकोपऱ्यावर दवाखाना आहे आणि अर्ध्या तासात नंबर लागतो. इथे माणसाला अडवते ती फी, तिच्यामागून येणारी औषधे-तपासण्यांची चिठ्ठी, आणि बुडालेला रोज. म्हणून 'कितीही वेळा फोनवर सल्ला मोफत' हे वाक्य वाचायला भरघोस वाटले, तरी त्याने आमच्या माणसांचा फारसा प्रश्न सुटत नाही. सल्ला हा त्या साखळीतला सर्वात स्वस्त दुवा आहे.

फोनवरच्या डॉक्टरला माझा सरसकट विरोध नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्यामुळे या व्यवहाराला नियम मिळाले. कोणती औषधे पहिल्याच फोनवर लिहिता येतात, कोणती फक्त आधी तपासलेल्या रुग्णाला, आणि कोणती मुळीच नाहीत, हे त्यांत ठरवून दिले आहे. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी नव्याने घ्यायला ते चांगले. पण शॉप फ्लोअरवर फोन करायचा कुठून? मागे एका पॉलिसीबरोबर ही सोय आली, तेव्हा कॉइल वाइंडिंगमधल्या एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागे, पाण्याच्या कूलरपाशी उभे राहून डॉक्टरला फोन लावला. समोरून हिंदीत प्रश्न आला. त्यांना पांढरे जाण्याचा त्रास होता. बाजूला ग्लास भरायला पुरुष उभे होते, कूलरची मोटार घरघरत होती, आणि पलीकडून "जरा जोर से बोलिए" असे सांगणे चालले होते. त्यांनी डोके दुखते असे सांगून फोन ठेवला आणि नंतर मला म्हणाल्या, "ताई, यापेक्षा आमच्या मानेजाच्या डॉक्टरीणबाई बऱ्या, त्या आत पडदा ओढून घेतात." त्या महिन्याच्या वापराच्या अहवालात 'डोकेदुखी, १' अशी नोंद आली.

तो अहवाल माझ्यापर्यंत यावा हेच मला खटकले. लहान कारखान्यात आकडे निनावी राहत नाहीत. स्त्रिया मोजक्या, विभाग एक, तारीख दिलेली. कोण ते कोणालाही कळते.

याहून वाईट प्रकार मी पूर्वी नोकरी करत होते तिथे पाहिला. आठवड्यातून एकदा सकाळी अकराला डॉक्टर यायचे आणि सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये बसायचे. टेबलावर लांबट हिरव्या कापडी बांधणीचे रजिस्टर असायचे: नाव, तिकीट क्रमांक, तक्रार, औषध, सही. डॉक्टर गेल्यावर ते तिथेच पडून राहायचे आणि गेटपास लिहायला येणारा प्रत्येक ड्रायव्हर पाने उलटायचा. एका फोरमनच्या नावापुढे 'झोप येत नाही, दारू' असे लिहिले गेले आणि दिवाळीनंतर त्याची बढती मागे पडली. कारण कोणी सांगितले नाही. त्यानंतर डॉक्टरांकडे जायचे ते फक्त नवे लोक आणि कापले-खरचटलेले. जुने कामगार त्यांना 'शेठचा डॉक्टर' म्हणत, आणि त्या दोन शब्दांत सगळे आले.

डॉक्टरांवर गुप्ततेचे बंधन नाही असे नव्हे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत ते स्पष्ट आहे. रुग्णाने आपली कागदपत्रे मागितली तर ७२ तासांत द्यावीत असेही तीत म्हटले आहे. पण मानधनाचा धनादेश ज्याच्याकडून येतो, तो सहज फोन करून "तो माणूस खरंच आजारी आहे का हो?" असे विचारतो, तेव्हा आचारसंहिता हातात धरून नाही म्हणणे प्रत्येकाला जमत नाही. म्हणून दोन कामे दोन डॉक्टरांकडे असावीत असा माझा आग्रह आहे. दीर्घ रजेनंतर माणूस कामावर येण्याजोगा झाला का, हे कंपनीला विचारण्याचा अधिकार आहे. ते एका डॉक्टरने तपासावे आणि उत्तर 'होय', 'नाही' किंवा 'वजन उचलू नये' एवढेच द्यावे. उपचार करणारा डॉक्टर निराळा असावा आणि त्याला कंपनीचा फोन नंबरही माहीत नसला तरी चालेल. नव्या कामगार संहितांनुसार चाळिशीवरील कामगारांची वार्षिक तपासणी मोफत करून द्यायची आहे. तिचे अहवाल प्रयोगशाळेकडून एकगठ्ठा कर्मचारी विभागात येतात, बहुधा पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात, आणि वरच्याच ओळीत नाव आणि साखरेचा आकडा असतो. ते बंद पाकिटात ज्याच्या त्याच्या हाती जावेत, हे कंत्राटातच लिहून घ्यायला हवे.

मी मालकांना सुचवलेली योजना दिसायला साधी आहे. मांजलपूर, तरसाली आणि मानेजा या तीन वस्त्यांत आमची बहुतेक माणसे राहतात. तिथल्या प्रत्येकी एका जनरल प्रॅक्टिशनरशी बोलायचे, त्यांतली एक तरी स्त्री डॉक्टर असावी, आणि शक्यतो कामगार आजही ज्यांच्याकडे जातात तेच निवडायचे. ठोक मानधन नको, दर भेटीला ठरलेली फी. ठोक मानधनात कमी रुग्ण आलेले डॉक्टरला परवडतात. दर भेटीच्या फीत जास्त आलेले परवडतात. दोन्हींत खोट आहे, पण मला दुसरी खोट चालेल. कामगाराने कुपन द्यायचे, कुपनावर नाव नसून फक्त अनुक्रमांक, आणि महिनाअखेर डॉक्टरांनी जमलेली कुपने पाठवायची. कोणते कुपन कोणाला दिले याची यादी ठेवायचीच नाही. "मग कोणी शेजाऱ्याला कुपन दिलं तर?" असे मालकांनी विचारले. देईल एखादा. वर्षाकाठी तो तोटा गेटवरच्या चहाच्या बिलाएवढाही होणार नाही.

औषधांसाठी स्वतंत्र तरतूद हवी, निदान साखर, रक्तदाब आणि थायरॉईड या कायमच्या गोळ्यांसाठी. जनऔषधी केंद्रातून (स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानातून) घेतल्या तर त्यांचा खर्च आटोक्यात राहतो, पण सुरुवातीला डॉक्टर आणि रुग्ण दोघांचीही समजूत घालावी लागते. यात कराचा एक पेच आहे. पूर्वी वैद्यकीय बिलांची वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची भरपाई करमुक्त होती. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती गेली आणि तिच्या जागी सरसकट प्रमाणित वजावट आली. कंपनीने स्वतः चालवलेल्या दवाखान्यातला उपचार करमुक्त, कंपनीने भरलेला गटविम्याचा हप्ताही करमुक्त, पण बाहेरच्या डॉक्टरचे बिल कंपनीने चुकवले तर ते पगाराचाच भाग धरले जाऊ शकते. आमच्या तेवीस-चोवीस हजारवाल्यांना आयकर लागत नाही, त्यामुळे त्यांना फरक पडत नाही. वरच्या अधिकाऱ्यांना पडेल, आणि विरोधही तिकडूनच होतो. त्यांच्यासाठी गटविम्यातच बाह्यरुग्ण खर्चाची जोड घ्यावी. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द झाला असला तरी गटविम्यावर तो १८ टक्के आहेच, हे धरून दर मागवावा.

पैशाचे उत्तर मी मालकांना त्यांच्याच वहीतून दिले. माणूस मर्यादेबाहेर गेला की कंपनीचे त्याच्यामागचे महिन्याचे साडेसहाशे ते सातशे रुपये वाचतात. ही रक्कम आजवर नफ्यात मिसळून जात होती. ती त्याच्याच नावाने बाजूला ठेवली तर फी आणि कायमच्या गोळ्या यांचा मोठा भाग त्यातून निघतो. ईएसआयमध्ये असलेल्यांना कुपने द्यावीत, पण रजेच्या प्रमाणपत्रासाठी त्यांनी ईएसआयच्याच डॉक्टरकडे जायला हवे हे नीट समजावून, कारण आजारपणाची ती ७० टक्के रक्कम खासगी चिठ्ठीवर सहसा निघत नाही. ही गोष्ट न सांगता कुपने वाटली तर भल्यासाठी केलेल्या सोयीमुळे माणसाचे नुकसान होईल.

ठेकेदाराच्या माणसांवर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही. त्याच टाकीला एका बाजूने आमचा वेल्डर टाके मारतो आणि दुसऱ्या बाजूने ठेकेदाराचा. डोळे दोघांचेही रात्री सुजतात. कायद्याने त्यांच्या ईएसआयची अंतिम जबाबदारी मूळ मालक म्हणून आमच्यावरच येते, त्यामुळे दरमहा ठेकेदाराने वर्गणी भरल्याची चलने मी तपासतेच. मालकांचे म्हणणे असे, की कुपने दिली तर ती आपलीच माणसे आहेत असा दावा उद्या कोणी करेल. ही भीती अगदीच पोकळ नाही, म्हणून वकिलांना विचारले आहे. तोवर पहिल्या सहामाहीची कुपने छापायला देताना ठेकेदाराच्या माणसांची संख्या धरूनच आकडा लिहिला आहे.