बुलेटला मिलिटरी लूक, पण हिरवा रंग न लावता

माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे, २०१४ ची, काळी. हिला मिलिटरी लूक द्यायचा हे कित्येक वर्षं डोक्यात होतं, पण रोज साताऱ्यातून एमआयडीसीत ये-जा हिच्यावरच, रविवारी आईला मागं बसवून देवदर्शनही हिच्यावरच, त्यामुळं नुसती फोटोपुरती गाडी मला नकोच होती. शेवटी गेल्या दिवाळीनंतर काम काढलं.

पहिला प्रश्न रंगाचा. मी नानांना (माझे चुलते, सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलातून रिटायर झालेत) फोटो दाखवला, म्हटलं नाना, असा ऑलिव्ह ग्रीन मारायचाय. ते बराच वेळ फोटो बघत बसले आणि म्हणाले, "तो रंग आपला न्हाई रं. फौजेच्या गाडीचा हाय तो." मला वाटलं भावनेनं बोलतायत, पण खरंच नियम आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून दुसऱ्या कुठल्याच गाडीला ऑलिव्ह ग्रीन लावता येत नाही. रॉयल एनफिल्डनं २०१८ ला पेगॅसस काढली होती आठवतंय का, जगभरात मिळून १००० गाड्या, त्यातल्या २५० भारताला, तीसुद्धा आपल्याकडं फक्त तपकिरी रंगातच आली, हिरवी बाहेरच्या देशात. ती गाडी ज्या फ्लाइंग फ्लीच्या आठवणीत काढली ती दुसऱ्या महायुद्धातली १२५ सीसीची टू-स्ट्रोक, वजन जेमतेम ६० किलो, लोखंडी पिंजऱ्यात घालून पॅराशूटनं खाली सोडायचे. मला त्या गाडीचं हेच आवडतं, तिच्यावर शोभेचं काहीच नाही, जे आहे ते कामाचं. मिलिटरी लूक म्हणजे माझ्या मते हाच, चमक काढायची आणि कामाचं तेवढं ठेवायचं.

म्हणून वाळूचा रंग घेतला, क्लासिकच्याच सिग्नल्स एडिशनमध्ये स्टॉर्मरायडर सँड नावाचा होता त्याच्या जवळपासचा. नानाही सिग्नल्समधलेच, त्यामुळं हा रंग जास्तच जवळचा वाटला. रंग बदलला की आरटीओत जाऊन आरसीवर नोंद बदलून घ्यायची आणि इन्शुरन्सवाल्यालाही कळवायचं, हे विसरू नका. आणि ती वर टोक केलेला बाण असलेली नंबरप्लेट, 'आर्मी' लिहिलेले स्टिकर, हे प्लीज कोणी लावू नका. तो बाण फौजेच्या गाड्यांचा आहे, तो ज्यांनी कमावलाय त्यांच्याकडंच राहू दे.

पेंटचं मात्र सविस्तर सांगतो, कारण माझे पैसे इथंच वाया गेले. पहिल्यांदा टाकीला पूर्ण मॅट मारून घेतला. दिसायला जबरदस्त, पण महिन्याभरात गुडघे घासतात तिथं चकचकीत पट्टे उमटले, पेट्रोल भरताना ओघळ आला त्याचा डाग बसला तो गेलाच नाही, आणि मॅटला पॉलिश करता येत नाही, केलं की तेवढाच भाग चमकतो. मग परत घासून सॅटिन फिनिशमध्ये (मॅट आणि चकचकीत यांच्या मधलं) केला. रोजच्या गाडीला सॅटिनच घ्या, लांबून मॅटच वाटतो आणि ओल्या फडक्यानं पुसता येतो. मडगार्ड आणि रिमांना पावडर कोटिंग (पावडरचा रंग भट्टीत भाजून बसवतात ते) केलं, रिमांसाठी सगळे स्पोक खोलावे लागतात आणि परत बसवल्यावर आऊट (रिमचा वाकडेपणा) काढून घ्यावा लागतो, तेव्हा हात बसलेला मिस्त्री बघा. बेंड पाइपला (इंजिनातून सायलेन्सरकडं जाणारी नळी) आणि सायलेन्सरला साधं पावडर कोटिंग चालत नाही, उष्णतेनं जळतं, तिथं हीटप्रूफ काळा रंगच लागतो. सायलेन्सर कंपनीचाच ठेवलाय. आवाज वाढवून गाडी फौजी होत नाही, दवाखान्यासमोरून जाताना लोकांना त्रास तेवढा होतो.

डाव्या बाजूला दारूगोळ्याची जुनी लोखंडी पेटी लावलीय, पुण्याच्या जुन्या बाजारातनं आणली. डबा, रेनकोट, पाने, पंक्चर किट सगळं मावतं. पण एका सिलिंडरची गाडी, थरथर किती असते माहितीय ना, दीड महिन्यात ब्रॅकेटचं वेल्डिंगच तडकलं, नशीब पार्किंगमध्येच लक्षात आलं. आता जाड पट्टीचं ब्रॅकेट केलंय आणि प्रत्येक बोल्टखाली रबर वॉशर घातलेत, तेव्हापासून हललं नाही. उजवीकडं सायलेन्सर, तिथं कॅनव्हासची बॅग, मध्ये लोखंडी स्टे (बॅग सायलेन्सरपासून लांब धरणारी दांडी) नसेल तर बॅग भाजते.

साडी गार्ड काढला नाही. बरेच जण लूक बिघडतो म्हणून काढतात, पण मागचं चाक निम्मं तरी झाकलं पाहिजे असा नियमच आहे आणि माझ्या मागं आई बसते नऊवारीत. त्यालाही वाळूचा रंग दिला, आता तो मूळचाच वाटतो. सिंगल सीटही त्याच कारणानं नाही. हेडलाइटला युद्धातल्यासारखं फटीचं झाकण मिळतं, यवतेश्वरच्या घाटात धुक्यात ते लावून जाणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून फक्त जाळी. टायर पण मोठ्या गुट्ट्यांचे (मातीत चालणारे, जाड ठोकळ्यांचे) घेतले नाहीत, ओल्या डांबरावर पकड सोडतात.

गाडी तयार झाल्यावर नानांकडं घेऊन गेलो. त्यांनी टाकीवर हात फिरवला, पेटी उघडून आतले पाने मोजले, आणि म्हणाले, "प्लग पाना कुठाय?" नव्हता. त्यांनी घरातनं स्वतःचा आणून टाकला. आता पाऊस सुरू व्हायच्या आत कॅनव्हासला मेण लावायचं तेवढं राहिलंय.