त्बिलिसी ते येरेवान : शेजाऱ्याच्या बांधावरून

आमच्या निफाडकडे वहिवाटीचे दावे नवे नाहीत. शेत आपलं, विहीर आपली, पण डांबरी रस्त्याला लागायचं तर ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या बांधावरून न्यावा लागतो. मग त्याच्याशी पटो न पटो, दिवाळीला फराळाचं ताट त्याच्या घरी जातंच. ऑक्टोबर 2025 मध्ये जॉर्जियाची राजधानी त्बिलिसीहून अर्मेनियाची राजधानी येरेवानला गाडीरस्त्याने गेलो आणि रात्रीच्या रेल्वेने परतलो, तेव्हा डोक्यात सतत हेच घोळत होतं.

अर्मेनियाला शेजारी चार. तुर्कस्तानने 1993 मध्ये सीमा बंद केली, ती अजून सर्वसामान्य वाहतुकीला उघडलेली नाही. अझरबैजानची सीमा कराबाख या प्रदेशावरून दोघांत झालेल्या भांडणात बंद झाली. उरले इराण आणि जॉर्जिया. काळ्या समुद्रावरची पोती आणि बातुमी ही बंदरं, रशियाकडे जाणारा वेर्खनी लार्सचा घाट, रशियातून येणारी गॅसची पाइपलाइन, सगळं जॉर्जियाच्या बांधावरून. ऑगस्ट 2008 च्या रशिया-जॉर्जिया युद्धात कास्पीजवळ रेल्वेचा एक पूल उडाला आणि युद्धाशी काही संबंध नसलेल्या अर्मेनियाचा माल अडकला.

आधी व्हिसाचं, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. भारतीय पासपोर्टवर दोन्ही देशांचा ई-व्हिसा मिळतो. अर्मेनियाचा 21 दिवसांचा व्हिसा 3000 द्रामला, म्हणजे आपल्या पुण्या-मुंबईतल्या एका बऱ्यापैकी जेवणाच्या पैशात. जॉर्जियाचं मात्र नीट बघा. त्बिलिसीला उतरून येरेवानला जाणार आणि परतीचं विमान पुन्हा त्बिलिसीहूनच असेल, तर जॉर्जियाचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. एकदाच प्रवेशाचा असेल तर अर्मेनियात पाय ठेवला की तो संपला. अमेरिका, शेंगेन अशा ठरावीक देशांचा चालू व्हिसा असणाऱ्यांना जॉर्जियाचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण तो पासपोर्टवर स्पष्ट दिसायला हवा. 1 जानेवारी 2026 पासून जॉर्जियाने पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा केला आहे. पॉलिसी, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, सगळं कागदावर छापून न्या. सीमेवर फोनची रेंज कधी जाईल ते सांगता येत नाही.

आणि ‘एका फेरीत तीन देश’ म्हणून बाकूही जोडणार असाल तर हे लक्षात ठेवा: अझरबैजानने आपल्या जमिनीवरच्या सीमा 2020 पासून प्रवाशांना बंद ठेवल्या आहेत. बाकू-त्बिलिसी विमानानेच. बाकू-येरेवान थेट जायचा विचार सोडून द्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी जुन्या त्बिलिसीतल्या सुर्ब गेवोर्ग या अर्मेनियन चर्चमध्ये गेलो. दाराशेजारी सायात-नोव्हा या अठराव्या शतकातल्या शाहीर-कवीची कबर आहे. माणूस अर्मेनियन, दरबार जॉर्जियाच्या राजा एरेक्लेचा, आणि रचना अर्मेनियन, जॉर्जियन, अझरबैजानी अशा तिन्ही भाषांत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात अर्मेनियनच बहुसंख्य होते. पाचेक मिनिटांवर नोराशेन नावाचं दुसरं जुनं अर्मेनियन चर्च आहे. ते कुणाचं यावर अर्मेनियन आणि जॉर्जियन चर्चसंस्थांमध्ये वाद, त्यामुळे दाराला कुलूप. दोन देशांच्या मैत्रीच्या जाहीरनाम्यांत या कुलपाचा उल्लेख सापडायचा नाही, पण संबंध कळून घ्यायचे असतील तर ते बघून या. फुकट आहे.

येरेवानच्या गाड्या ऑर्ताचाला बसस्थानकावरून आणि अवलाबारी मेट्रोच्या बाहेरून सुटतात. मी अवलाबारीहून शेअर टॅक्सी धरली. सात सीट भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, थेट आपल्या वडाप जीपसारखं. शेजारी नांदेडची एक मुलगी, त्बिलिसीत एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला. मला मराठीत फोनवर बोलताना ऐकून तिनेच विचारलं, “काका, पैसे आधी ठरवलेत ना?” नव्हते ठरवले. मला अर्ध्या वाटेत, अलावेर्दीला उतरायचं होतं आणि ड्रायव्हरने शेवटी पूर्ण येरेवानचे पैसे घेतले. तेव्हा मधे उतरणार असाल तर आकडा आधी ठरवून मोबाइलवर टाइप करून दाखवा. अलावेर्दीवरूनच जाणार का हेही विचारा, काही गाड्या दुसऱ्या घाटाने जातात.

सीमेआधी मार्नेउली लागतं. हे गाव जॉर्जियात, वस्ती बहुतांश अझरबैजानी. आमचा ड्रायव्हर अर्मेनियन. तो एका टपरीसमोर थांबला, टपरीवाल्याने न विचारता कमरेत बारीक अशा काचेच्या पेल्यात चहा आणून ठेवला, आणि दोघं रशियनमध्ये टायरच्या भावावर बोलत बसले. पंचवीस मिनिटं. अर्मेनिया आणि अझरबैजान तीस वर्षं एकमेकांवर तोफा डागत होते. पुढच्या सदाख्लो गावात तर 1990 च्या दशकात अर्मेनियन आणि अझरबैजानी व्यापाऱ्यांचा मोठा बाजार भरायचा, तिसऱ्याच्या जमिनीवर. नंतर तो बंद झाला. चहा घ्या, साखरेचा खडा दातात धरून घ्या, सोबत तंदुरी रोटीसारखी गरम रोटी मिळते.

सदाख्लोला सगळ्यांनी आपापलं सामान घेऊन उतरायचं, जॉर्जियाचा शिक्का घ्यायचा आणि डेबेड नदी ओलांडून बाग्राताशेनला अर्मेनियाचा. गाडी वेगळ्या रांगेतून येते, म्हणून नंबरप्लेटचा फोटो आधीच काढून ठेवा. पलीकडे पांढऱ्या गाड्यांच्या गर्दीत आपली ओळखू येत नाही. मला दोन्हीकडे मिळून पाऊण तास लागला. जॉर्जियाचं चलन लारी इथेच संपवून टाकू म्हणून सगळे बदलू नका, सीमेवरचा भाव शहरापेक्षा कमी मिळतो.

हाच पट्टा डिसेंबर 1918 मध्ये रणांगण होता. झारचं साम्राज्य कोसळल्यावर नव्याने स्वतंत्र झालेले हे दोन देश लोरी आणि बोर्चालो या सीमाभागांसाठी लढले. महिनाभरात ब्रिटिशांनी मध्ये पडून लढाई थांबवली आणि लोरी तटस्थ पट्टा केला. दोन्ही देश सोव्हिएत झाल्यावर लोरी अर्मेनियाकडे गेलं. 1991 नंतर पुन्हा स्वतंत्र झाले तेव्हा जुनं भांडण उकरून काढायला भरपूर जागा होती. त्याऐवजी 17 जुलै 1992 ला राजनैतिक संबंध जोडले आणि सीमेची आखणी कूर्मगतीने चालू ठेवली, ती आजही पूर्ण नाही.

सीमेनंतर डेबेडची दरी सुरू होते. अलावेर्दी खाली, तांब्याचा कारखाना 2018 पासून बंद, आणि पठारावर सानाहिन व हाघपात हे दहाव्या शतकातले मठ. दोन्ही जागतिक वारसा यादीत. सानाहिन म्हणजे ‘हा त्याच्यापेक्षा जुना’ असा लोक अर्थ लावतात, शेजारच्या मठाला मारलेला टोमणा. हाघपातमध्ये सायात-नोव्हा उतारवयात भिक्षू म्हणून राहिला होता. तिथल्या व्हरांड्यात बसल्यावर आदल्या दिवशीची कबर आठवली. आज या दोन जागांमध्ये दोन शिक्के लागतात.

पण मी अलावेर्दीला उतरलो होतो दुसऱ्याच कारणाने. सानाहिन हे मिकोयान बंधूंचं गाव. थोरला अनास्तास सोव्हिएत सरकारात दशकानुदशकं टिकला, धाकटा आर्त्योम विमानांचा अभियंता. ‘मिग’ म्हणजे ‘मिकोयान आणि गुरेविच’: ‘म’ त्याचा, ‘ग’ त्याचा सहकारी गुरेविचचा. त्यांच्या संग्रहालयाबाहेर एक मिग-21 उभं आहे. माझ्या वडिलांनी ओझरच्या कारखान्यात हेच विमान जुळवण्यात नोकरी काढली, आणि भारतीय हवाई दलाने शेवटची मिग-21 निवृत्त केली त्याला, मी तिथे उभा होतो तेव्हा, महिनाही झाला नव्हता. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नोजच्या खालून दाखव.” दाखवलं. “रंग वाईट मारलाय,” म्हणाले.

अलावेर्दीतून दोन्ही मठ आणि संग्रहालय अर्ध्या दिवसाच्या टॅक्सीत होतात. एक रात्र मुक्काम करा, एका दिवसात येरेवान गाठायच्या नादात ही दरी वाया जाते.

येरेवानमध्ये रस्त्यावर, टॅक्सीत, जिथे जाल तिथे राजकारण. आणि तिथे मला खरी गंमत कळली. वर्षानुवर्षं पुस्तकी उत्तर असं होतं की जॉर्जिया युरोपकडे तोंड करून आणि अर्मेनिया मॉस्कोकडे. जॉर्जियाचे रशियाशी 2008 पासून राजनैतिक संबंध नाहीत, तर अर्मेनियातल्या ग्युम्रीत रशियाचा लष्करी तळ. जानेवारी 2015 पासून अर्मेनिया रशियाप्रणीत युरेशियन आर्थिक संघात. पण आता बघा: नोव्हेंबर 2024 मध्ये जॉर्जियाच्या सरकारने युरोपीय संघ प्रवेशाच्या वाटाघाटी 2028 पर्यंत पुढे ढकलल्या, आणि मार्च 2025 मध्ये अर्मेनियाच्या संसदेने युरोपीय संघाकडे जाण्याचा कायदा केला. दोघं रस्त्यात एकमेकांना ओलांडून गेले. तरीही 26 जानेवारी 2024 ला त्यांनी सामरिक भागीदारी जाहीर केली. (जॉर्जियाकडून पुढाकार घेणारे पंतप्रधान गरिबाश्विली तीनच दिवसांत पायउतार झाले, भागीदारी राहिली.) जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियाला अर्मेनियाने मान्यता दिलेली नाही, जॉर्जियाने कराबाखला कधी दिली नाही. एकमेकांच्या दुखऱ्या नसेवर पाय द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळलं की बाकी मतभेद चालतात. वहिवाट अडत नाही.

मी परतल्यावर अझरबैजानने अर्मेनियाकडे जाणाऱ्या मालावरची बंदी उठवली आणि नोव्हेंबरात कझाकिस्तानचा गहू रेल्वेने अर्मेनियाला पोचला. कुठून? अझरबैजानमधून जॉर्जियात आणि तिथून खाली. थेट सीमा अजून बंदच.

परतीची रेल्वे थंडीच्या मोसमात येरेवानहून रात्री निघते आणि सकाळी त्बिलिसीला पोचते. तेव्हा ती एक दिवसाआड असते, उन्हाळ्यात बातुमीपर्यंत रोज, पण वेळ वेगळी. तारीख तपासूनच हॉटेल बुक करा. डबा कमालीचा तापवतात, त्यामुळे पातळ कपडे हाताशी ठेवा. खाणं आणि पाणी स्टेशनवरून घ्या. मध्यरात्रीनंतर आधी अर्मेनियाचे अधिकारी डब्यात येतात, मग सदाख्लोला जॉर्जियाचे. उतरावं लागत नाही. पासपोर्ट उशीखाली ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. माझ्या वरच्या बर्थवरच्या आजोबांनी अख्खा डबा जागा करून आपला पासपोर्ट चीजच्या पिशवीतून काढला. अधिकाऱ्याने तो हुंगला, शिक्का मारला आणि पुढच्या कंपार्टमेंटकडे गेला.