अस्वलाचे कान डब्यात पडत का नाहीत?

लेकीच्या डब्याचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले की पुण्याहून कुणाचा तरी फोन येतोच. कधी मावशीचा, कधी शाळेतल्या मित्राचा. प्रश्न ठरलेला: "अरे, ते भाताचं अस्वल ती डबा उघडेपर्यंत तसंच राहतं का? कान पडत नाहीत?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगतो. राहतं. कानही सहसा पडत नाहीत. पण त्याचं श्रेय सजावटीला कमी आणि भाताला जास्त आहे.

आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो. बायको सकाळी लवकर निघते, कारण तोझाई लाइनच्या मेट्रोत नंतर पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे डबा माझ्याकडे. बालवाडीत आठवड्यातून दोनदा घरचा डबा न्यायचा असतो. पोळीभाजी ती आनंदाने खायची, तक्रार काही नव्हती. मग एक दिवस मैत्रिणीच्या डब्यात भाताचा झोपलेला पांडा बघून आली, आणि माझी झोप गेली.

या भाताच्या गोळ्याला ओनिगिरी म्हणतात. 'निगिरु' म्हणजे मुठीत धरणं, त्यावरून. सुशीशी याची गल्लत करू नका, यात व्हिनेगर नसतं. साधा भात, मीठ, पोटात एखादा खारट जिन्नस (उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबट फळ, भाजलेला सामन मासा किंवा मेयोनीजमध्ये कालवलेला ट्यूना) आणि वर नोरी, म्हणजे कागदासारखं वाळवलेलं समुद्री शेवाळ. खाणं फार जुनं आहे. 1987 मध्ये इशिकावा प्रांतातल्या एका गावात उत्खननात कोळसा झालेला भाताचा गोळा सापडला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्या गावाने पुढे 18 जून हा ओनिगिरीचा दिवस ठरवला. दुसराही एक दिवस आहे, 17 जानेवारी. 1995 च्या कोबेच्या भूकंपात स्वयंसेवकांनी हातांनी वळून वाटलेल्या गोळ्यांच्या आठवणीचा. त्या गोळ्यांना डोळे-कान नव्हते, हे मी सकाळी सहा वाजता चिमटा हातात धरून स्वतःला अधूनमधून सांगतो.

तर भात. इथला तांदूळ आखूड दाण्याचा, अमायलोज (भात मोकळा ठेवणारा स्टार्च) कमी असलेला, म्हणून शिजल्यावर शितं एकमेकांना धरतात. धुऊन अर्धा तास भिजवायचा, शिजल्यावर दहा मिनिटं वाफेत ठेवायचा आणि गरम असतानाच वळायचा. गार भात वळला की हमखास फुटतो. आपल्याला दोनच टोकं माहीत, मसालेभाताचा मोकळा भात आणि आजारपणातला गुरगुट्या. हा बरोबर मधला. शीत वेगळं दिसलं पाहिजे आणि शेजारच्याला सोडताही कामा नये. पुण्यात करणार असाल तर बासमती विसरा, इंद्रायणी घ्या.

वळताना माझा घात लाडवांनी केला. आईच्या हाताखाली डिंकाचे लाडू वळलेला हात, त्याला दाबायचंच माहीत. पहिले चार गोळे असे झाले की लेक म्हणाली, "बाबा, हा चावत नाहीये." गोळ्याला साधारण शंभर ग्रॅम भात घ्यायचा, हात ओले करून मीठ लावायचं आणि तीनचार वेळा फिरवत नुसता आकार द्यायचा. बाहेरून घट्ट, आत पोकळसर. हातात टिकला पाहिजे आणि तोंडात सुटला पाहिजे. साचे मिळतात, शंभर येनच्या दुकानात हवे तेवढे. मला आवडत नाहीत. साच्यातला भात म्हणजे वाटीत दाबून पानात पालथी घातलेली मूद, ती वरणाची वाट बघत बसलेली असते. मात्र उन्हाळ्यात मी उघड्या हाताने वळत नाही, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात धरून वळतो. हातावरच्या जंतूंचं विष भात परत गरम करूनही जात नाही.

आता अस्वल. भातात सोया सॉस आणि किसलेला वाळवलेला बोनितो मासा कालवला की तपकिरी रंग आपोआप येतो. कान म्हणजे सुपारीएवढे दोन गोळे. ते बसवायला न शिजवलेल्या स्पॅगेटीचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा खुंटीसारखा खुपसायचा. इथल्या आयांची ही युक्ती मला एका शेजारणीने दाखवली, तेव्हा मी अक्षरशः हात जोडले. दातकोरणी लहान मुलाच्या घशाला धोक्याची. स्पॅगेटी सकाळी कडक असते, दुपारपर्यंत भातातला ओलावा पिऊन मऊ होते आणि कानाबरोबर खाल्ली जाते. मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

डोळ्यांची गोष्ट वेगळी. नोरी गरम भातावर ठेवली की वाफेने आक्रसते, कडा वर येतात, आणि दुपारी अस्वल भुवया उडवल्यासारखं दिसतं. म्हणून गोळा पूर्ण गार होऊ द्यायचा. नोरी आधी चीजच्या पातळ कापावर चिकटवायची, दोन्ही एकत्र कापायचं आणि मेयोनीजच्या ठिपक्याने लावायचं.

पण नीट चिकटलेले डोळेही गोंडस दिसतीलच असं नाही. माझं पहिलं अस्वल थकबाकी वसूल करायला आलेल्या माणसासारखं दिसत होतं. डोळे कपाळाशी, जवळजवळ, नाकाशी फटकून. नंतर कळलं, डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या खाली हवेत, एकमेकांपासून लांब, आणि नाक-तोंड त्यांच्याच ओळीत दाटीवाटीने. तान्ह्या बाळाचं कपाळ असंच मोठं असतं. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1943 मध्येच लिहून ठेवलंय की अशा ठेवणीचा चेहरा दिसला की माणसाला माया येते. एकाच भातावर तेच दोन ठिपके पाव इंच खाली सरकवून बघा. मी दोन मिनिटं बघतच राहिलो होतो, बस चुकली.

रंगांचं वेड मात्र मला नाही. निळा भात डब्यात बघून माझी भूक मरते. पिवळा हवा असेल तर इथे उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घालतात. माझ्याकडे पुण्याहून आलेलं मेतकूट होतं. म्हटलं, कोंबडीचं पिल्लू करू. मेतकूट म्हटल्यावर हात सवयीने तुपाकडे गेला आणि पिल्लू तळहातावरच ढासळलं. तूप शितांवर चढलं की शीत शिताला धरत नाही. 2025 च्या वसंतात पाच किलो तांदूळ चार हजार येनच्या वर गेला होता, तेव्हाची ही गोष्ट. फेकवेना, उभ्याउभ्या मीच खाल्लं.

आता मेतकूट, मीठ आणि भात एवढंच. गाजराची चोच, काळ्या तिळांचे डोळे, खाली आणि लांब लांब. तूप वेगळ्या चिमुकल्या डबीत जातं. लेक आधी चोच खाते आणि मग पिल्लाचं डोकं तुपात बुडवते.