नाव नसलेला अर्ज

"सर, नाव लिहायचं नाही म्हणता, पण गाव लिहिलं की मी कोण ते कळेलच ना?"

विद्यार्थ्यांनी शिक्षकांविषयी भरायच्या, आमच्या विभागाच्या अभिप्राय प्रश्नावलीचा मसुदा वाचताना, धरणगावहून रोज एसटीने जळगावला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने आज हे सहज विचारले. वर्ष, लिंग, प्रवर्ग आणि गाव हे रकाने सुरुवातीलाच होते. छोट्या वर्गात एवढी माहिती एकत्र आली की नाव सांगावेच लागत नाही.

अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्याविषयी लिहिताना ती 'पूर्णतः सहमत' यावरच खूण करणार, हे उघड आहे. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली ही सहमत-असहमतची मोजपट्टी कितीही काटेकोरपणे वापरली, तरी धास्तीपोटी दिलेले उत्तर खरे होत नाही. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असते, त्यामुळे सरासरी चांगली दिसावी असे सगळ्यांनाच वाटते. मला मात्र शेवटच्या मोकळ्या जागेत लिहिलेली दोन ओळींची तक्रार अधिक मोलाची वाटते.

गाव आणि प्रवर्ग हे रकाने काढावेत आणि गुण जाहीर झाल्यावरच अभिप्राय शिक्षकांना दाखवावेत, असे मी सुचवले आहे. बसच्या वेळेमुळे पहिला तास बुडतो का, हे मात्र थेट विचारायला हवे.

तुमच्या महाविद्यालयात हे अर्ज भरून झाल्यावर कोण वाचते?