मावशी नाल्याकडून गेली

शनिवार, रात्रीचे साडेदहा. लाईट आत्ता आली.

मागच्या रविवारचं लिहून काढते, नाहीतर आजही झोप यायची नाही. चर्चमध्ये उपासना दहाची असते, मी सव्वानऊला जाऊन दार उघडलं, पट्ट्या झटकून अंथरल्या आणि मागची खिडकी उघडली तर कापूस वेचायला जाणारी मावशी नाल्यातून जाऊन राहिली होती. डोक्याला फडकं, काखेत गाठोडं बांधायचं जुनं धोतर, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चपला, कारण नाल्याला अजून घोट्याइतकं पाणी आहे. एकेक गोटा पाहून पाय टाकत होती. तिकडच्या वावरात जायचा रस्ता चर्चच्या दारासमोरूनच आहे, सरळ, आता सिमेंटचाही झाला, आणि त्याच रस्त्यानं ती कितीतरी वर्षं जाते येते, जाता जाता दाराकडे पाहून हात जोडते हे मी लहानपणापासून पाहत आली. त्या दिवशी ती नाल्याकडून गेली.

एवढंच झालं. कोणी ऐकलं तर म्हणेल यात काय आहे. पण मला माहीत आहे ती नाल्याकडून का गेली, म्हणजे मला वाटलं की माहीत आहे.

त्याच्या आधीच्या गुरुवारी रेशनच्या लाईनीत तिनं मला विचारलं होतं. "बाई, एक इचारू काय? तुमी महिला सभेत सांगतलं होतं ना, शब्बाथाच्या दिवशी काड्या वेचल्या म्हून त्या मानसाले गोट्यानं मारलं. मंग कापूस वेचला त कसं होते?" बायबलातलं गणना, पंधरावा अध्याय. शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस. मीच सांगितला होता ऑगस्टमध्ये, आज्ञापालनावर बोलताना, आणि पुढे निघून गेली होती. तिनं तो तीन महिने डोक्यात ठेवला. काड्या ती रोजच वेचते, चूल पऱ्हाटीच्या काड्यांवरच पेटते तिची.

मला शाळेत जायची घाई होती, अंगठा लागत नव्हता मशीनला, मागून लोक ढकलत होते, ही कारणं आहेत पण खरं सांगायचं तर उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. मी म्हटलं, मावशी, निर्गम चौतीस एकवीस, सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातसुद्धा घे. असं स्पष्ट लिहिलंय. ती "बरं जी" म्हणाली. "बरं जी" म्हणताना तिनं पदराखाली हात घेतला. बोंडाची वाळलेली टोकं लागून लागून तिच्या बोटांची पेरं फाटली आहेत, नखांच्या कडेला काळ्या चिरा पडल्या आहेत, त्यात कापसाचे बारीक तंतू अडकलेले असतात, ते मी पाहिलं आणि तरी मला काहीच सुचलं नाही. वचनाचा नंबर सांगितल्याचं समाधान घेऊन मी घरी आली. हे लिहायला जड जाते.

ते वचन बाबांच्या वहीतलं. यवतमाळला सेमिनरी होती तेव्हा, म्हणजे पास्टर लोकांचं कॉलेज, युनियन बिब्लिकल, १९५३ पासून होती आणि १९८३ ला पुण्याला गेली, बाबा तिथल्या मेसमध्ये होते. भाजी चिरता चिरता शिकणाऱ्या पोरांकडून वचनं लिहून घ्यायचे, वहीच्या पानांना अजून हळदीचे डाग आहेत. या एका वचनाखाली त्यांनी लाल पेनानं दोन रेघा मारल्या आहेत. रविवारी त्यांनी कधी काम केलं नाही, स्वयंपाक आदल्या रात्रीच करून ठेवायचे, आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. बाबा गेले तेव्हा सगळ्यांनी तेच सांगितलं. ते राहू दे.

या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की बाबांना महिन्याचा पगार होता. मलाही आहे. माझा रविवार पगारी आहे. मी रविवारी चर्चमध्ये बसली तर माझे पैसे कोणी कापत नाही. मावशीला किलोवर मिळतात, वेचलं तेवढं, आणि या वयात तिच्यानं दिवसाला पंचवीस किलोच्या वर होत नाही. एक रविवार म्हणजे तिच्या आठवड्याचं तेल-तिखट. त्यात इथे मजुरांची सुटी बुधवारी, बाजाराच्या दिवशी. रविवारी वावराचा मालक वेचणी लावतो आणि ती आली नाही तर सोमवारी दुसरी बाई तिच्या तासात, म्हणजे ओळीत, उभी असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. याच गावात जन्मली मी. तरी उत्तर देताना ते आठवलं नाही.

सोमवारी मला रागच आला होता, खरं सांगते. मला कोणी म्हटलं होतं लोकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला? मी काही सेमिनरीत शिकली नाही. पास्टर साहेबांकडे पाच गावं, ते पंधरा दिवसांनी येतात, मग सगळे माझ्याकडे. बाई, पोळ्याला बैल ओवाळला तर चालते काय. बाई, शेजारच्या नवसाच्या बकऱ्याचं जेवण आलं, खाऊ की परत पाठवू. बाई, सोयाबीनचे पैसे आले, दशमांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, कृषी केंद्राची उधारी देऊन काढू की आधी काढू. सून मंगळसूत्र काढत नाही. स्वप्नात आजी आली होती. भाकरी तव्यावर असते आणि फोन वाजतो. बकऱ्याचं मी सांगू शकते, पौलानं करिंथकरांना लिहिलंच आहे की विश्वास न ठेवणाऱ्यानं जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नको, पण तुझ्या खाण्यानं कोणाचं मन अडखळत असेल तर राहू दे. पण रोज कोणाच्या ना कोणाच्या घरातली गाठ माझ्या हातात, आणि माझी गाठ कोणाला विचारू? पोरगा पुण्यात, रविवारी फोनच उचलत नाही. दोन दिवस मी असं स्वतःवरच रडत बसली. कोणी विचारलं नाही काय झालं म्हणून, यांनी एकदा विचारलं, मी म्हटलं डोकं दुखते.

मंगळवारी रात्री बायबल काढलं. दहा आज्ञा दोन ठिकाणी आहेत हे मीच पोरांना संडे स्कूलमध्ये शिकवते, निर्गम वीस आणि अनुवाद पाच, पण दोन्ही समोरासमोर ठेवून मी कधी वाचल्या नव्हत्या. निर्गमात कारण दिलंय की देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात कारण वेगळं आहे. तिथे म्हटलंय तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, आठवण ठेव की तू मिसर देशात दास होतास. बैलाचंही नाव आहे, गाढवाचंही आहे. म्हणजे ही आज्ञा ज्याच्या घरी दास आहेत, बैल आहेत, त्याला सांगितली आहे, की तू यांना सोड. मी ती दासीलाच सांगून आली. वेचणाऱ्या बाईला म्हटलं तू वेचू नको, आणि वेचणी लावणाऱ्याला कोणीच काही म्हटलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाची खांद शेकतात, तूप-हळद लावून, दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मावशीची पाठ कोणी शेकली?

शाळेत मी शिकवते की १० जून १८९० ला नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. पोरं पाठ करतात. आपल्या वऱ्हाडातला कापूस तेव्हाही रेल्वेनं मुंबईला जायचा. तो कातणाऱ्याला रविवार मिळाला, वेचणारीला अजून नाही, एवढी वर्षं शिकवून हे मला यंदा दिसलं.

पास्टर साहेबांना फोन केला तर ते बराच वेळ बोलले. म्हणाले बाई, मुळात शब्बाथ म्हणजे शनिवार, आपण रविवार पाळतो तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून, आणि सन ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहानं रविवारच्या सुटीचा हुकूम काढला तेव्हा शहरातल्या लोकांना बंद ठेवायला लावलं पण खेड्यातल्या शेतीवाल्यांना मोकळीक दिली, कारण पेरणीचा नेमका दिवस हातचा गेला तर परत येत नाही. रोमकरांस चौदा पाच वाचा म्हणाले, कोणी एक दिवस मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याच्या त्याच्या मनाची खात्री असावी. सगळं बरोबर होतं. मला ऐकून बरं वाटलं. पण हे ऐकूनही मावशी नाल्यातच होती, हातात चपला घेऊन.

मग लूक तेरा निघालं. शोधत नव्हती, पान उलटलं तर तेच. सभास्थानातली ती बाई, अठरा वर्षं वाकलेली, सरळ उभी राहता येत नाही. तिनं काही मागितलंही नाही, येशूनंच तिला बोलावलं आणि हात ठेवला, ती उभी राहिली. तर सभास्थानाचा अधिकारी चिडून लोकांना म्हणतो, कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवसांत येऊन बरे व्हा, शब्बाथ दिवशी येऊ नका. मी हा उतारा चार-पाच वेळा तरी शिकवला असेल. दर वेळी मी त्या बाईच्या बाजूनं असायची. मंगळवारी रात्री वाचताना त्या अधिकाऱ्याचं बोलणं माझ्याच आवाजात ऐकू आलं. त्याचंही वचन बरोबरच होतं ना, सहा दिवस काम कर, आज्ञेतलंच वाक्य. प्रभू त्याला म्हणतो, शब्बाथाला तुम्ही आपला बैल दावणीचा सोडून पाण्यावर नेता की नाही? मग हिला सोडायला नको? मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसली.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे गेली. बाजाराचा दिवस, ती घरीच, वांगे आणि चार मिरच्या सुपात घेऊन बसलेली. बायबल नेलं होतं पण पिशवीतून काढलंच नाही. आधी इकडचं तिकडचं बोललो. मग मी म्हटलं, मावशी, रविवारी नाल्यातून कशाला गेल्या, पाय सटकला असता तर?

ती हसली. म्हणाली, "तुमी दार उघडून राहिल्या होत्या ना. म्हटलं बाईनं एवढ्या मायेनं सांगतलं अन् मी समोरून गाठोडं घेऊन जाऊ काय? तुमाले वाईट वाटलं असतं."

मला वाईट वाटू नये म्हणून. मी तीन दिवस समजत होती की ती भिऊन गेली, देवाला लपून गेली, मी तिला भीती घातली. तिनं मला सांभाळलं होतं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई, थंड पाण्यात पाय घालून, माझं मन सांभाळायला.

मी विचारलं, अन् देवाला काय वाटलं असेल? ती वांगं चिरता चिरता म्हणाली, "त्याले त मी वाटेनंच सांगून टाकलं. आज येनं होत नाही बाप्पा, वेचनी हाय. तो पाह्यते ना मले वावरात रोज." मग मी तिला ती वाकलेली बाई सांगितली, पुस्तक न काढता. तिनं विचारलं किती वर्षं वाकली होती. मी म्हटलं अठरा. "अठराच?" म्हणाली, आणि विळीवरून उठताना कमरेला हात लावून थोडी थांबली, तशीच अर्धी वाकलेली, मग सरळ झाली.

निघताना दाराशी म्हणाली, "पन बाई, त्या काड्यावाल्याले मारलं काऊन, ते सांगाच." मी म्हटलं मावशी, मला नाही समजलं अजून. ती म्हणाली, "बरं जी." हे "बरं जी" गुरुवारच्यासारखं नव्हतं, मला तरी तसं वाटलं. आता रोज रात्री गणना पंधरा वाचते. आजही वाचलं. ज्याला धरलं त्याचं नावसुद्धा नाही तिथे, कुठली चूल पेटवायची होती त्याला, घरी कोण होतं, काहीच नाही. तिला काहीतरी जुळवून सांगता आलं असतं, आधी तेच करायची मी.

आणखी एक विचारलं होतं तिनं, अंगणातून. "पाच-साडेपाचले वावरातून येतो आमी, तवा उघडं राह्यते काय चर्च?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचार केला नव्हता. वेचणीला आपल्यातल्या सहा-सात बाया जातात, रविवारी मागच्या पट्ट्या रिकाम्या असतात, दिवाळीनंतर उपस्थिती कमी होते असं आम्ही दर वर्षी रजिस्टरमध्ये लिहितो. मी म्हटलं उघडं राहील. ती म्हणाली, "पाहू जी, जमलं त." कापूस मोजून व्हायचा, मालकानं किलो लिहायचे, मग पाय धुऊन. येईल की नाही माहीत नाही. नाही आली तर मी तेवढा वेळ बसेन.

पास्टर साहेबांना सांगितलं, ते चालेल म्हणाले. चावी काढून पर्सजवळ ठेवली आहे. सहाला अंधार पडतो आता, मधल्या ट्यूबचा स्टार्टर गेलाय, हे उद्या दुपारी बसवून देतो म्हणाले.