सही न करणारा वकील

नागपूरच्या कोर्टात दिवाणी काम करतो. पक्षकार आला की आधी म्हणतो, "वकीलसाहेब, टाकून द्या केस." मी सातबारा, फेरफार मागतो, आधी नोटीस देऊ म्हणतो, तर त्याचं तोंड वाकडं. वकील मवाळ दिसला की फी देतानाही हात आखडतो. म्हणून असेल, अमेरिकन क्रांतीतला मला आवडलेला माणूस जॉन डिकिन्सन.

लंडनच्या मिडल टेम्पल या वकिलांच्या संस्थेत शिकून तो फिलाडेल्फियात वकिली करायचा. १७६७ मध्ये ब्रिटिश संसदेनं वसाहतींत काच, कागद, शिसं, रंग, चहा यांवर जकात बसवली, तेव्हा त्यानं वर्तमानपत्रांत १२ पत्रं लिहिली. खाली सही 'एक शेतकरी'! (लंडनहून आलेले शेतकरी. निवडणूक लागली की असे आपल्याकडेही निघतात.) मुद्दा मात्र पक्का दिवाणी: जकात किती, हा प्रश्नच नाही. व्यापाराला शिस्त लावायला घ्या, पण तिजोरी भरायला आमच्या संमतीशिवाय नाही. एकदा मुकाट्यानं भरली की तीच वहिवाट पडते. संमतीवाचून कर भरणारे गुलाम, असंही त्यात आहे. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर गुलाम राबत होते. त्यांच्या मुक्तीचा दस्त त्यानं केला १७७७ मध्ये, तोही अटी घालून.

जुलै १७७५ मध्ये, लढाई सुरू झालेली असताना, त्यानं राजाला समेटाचा अर्ज लिहिला. राजानं तो हातातही घेतला नाही. तरी १ जुलै १७७६ ला हा वसाहतींच्या प्रतिनिधींच्या भर सभेत उभा राहून सांगतो, आधी आपसात करार करा, फ्रान्सची मदत पक्की करा, मग स्वातंत्र्य जाहीर करा. नाहीतर कागदाच्या होडीत बसून वादळात शिरणं आहे. दुसऱ्या दिवशी मतदानाला तो बसलाच नाही, त्यामुळे त्याच्या वसाहतीचं, पेनसिल्व्हेनियाचं, मत स्वातंत्र्याच्या बाजूनं पडलं. जाहीरनाम्यावर त्याची सही नाही.

बाररूममध्ये हे सांगितलं तर मित्र म्हणाला, "भेला असंन बे."

भ्यायला असता तर त्याच महिन्यात आपली पलटण घेऊन न्यू जर्सीला इंग्रजांसमोर गेला नसता. वसाहतींच्या आपसातल्या कराराचा पहिला मसुदाही त्याचाच. १७८७ च्या राज्यघटनेवर तर सहीसुद्धा आहे, फक्त हात दुसऱ्याचा: तब्येत बिघडल्यानं तो आधीच घरी निघाला आणि माझ्या नावानं सही कर, असं सोबतच्या प्रतिनिधीला, जॉर्ज रीडला, लिहून देऊन गेला.

"म्हंजे वकीलपत्र," मित्र म्हणाला, आणि चहा सांगायला उठला.