टाकी भरायची नाही, बदलायची

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर. आत ओटा, झोपायला दोन फळ्या आणि खाली प्रोपेनची, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसची टाकी. ही टाकी आधीच्या मालकाने परदेशातून आणून बसवलेली. सासूबाईंना साखरेचा त्रास, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. म्हणून गाडीत चूल पेटणं आमच्यासाठी फार गरजेचं. आणि बेळगावात आल्यावर महिनाभरात ती टाकी रिकामी झाली.

आधी हायवेवरच्या ऑटो गॅसच्या पंपावर गेलो. तिथला मुलगा खाली वाकून टाकी बघून म्हणाला, "ताई, गॅस हाय, खरं ह्यात भरता येत नाही हो. गाडी ज्याच्यावर चालते तीच टाकी भरायची परवानगी." मी हुज्जत घातली नाही. त्याचं बरोबर होतं. स्वयंपाकाची टाकी त्या नळीने भरायला कायद्याने बंदी आहे.

मग गॅस एजन्सी. दारावर कन्नडमध्ये 'अडुगे अनिल', म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. आतल्या काकांनी टाकीवरचे शिक्के नीट वाचले आणि खरी अडचण समजावून सांगितली. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या सरकारी खात्याची मान्यता नसलेली टाकी आपल्याकडे कुणीही भरू शकत नाही. शिवाय अमेरिकेत टाकी घेऊन गेलं की तिथेच भरून देतात. आपल्याकडे रिकामी द्यायची आणि कारखान्यातून भरून आलेली सीलबंद घ्यायची. आमच्या टाकीच्या तोंडाला इथला रेग्युलेटरही बसत नव्हता. दोष टाकीचा नव्हता, ती इथल्या व्यवस्थेतली नव्हती.

त्याच संध्याकाळी एका गल्लीत एकाने घरगुती सिलिंडरमधून ओतून देतो म्हटलं. "कुणाला कळतंय?" मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण टाकी जास्तीत जास्त ऐंशी टक्केच भरायची असते, वरची जागा उन्हात गॅस फुगायला ठेवतात. त्याच्याकडे ना वजनकाटा, ना काही. त्यात सासूबाई त्याच टाकीच्या वर झोपणार. आम्ही तिथून निघालो.

काकांनी सुचवलेला मार्ग साधा होता. पाच किलोचा छोटा सिलिंडर. त्याला गॅस कनेक्शनचं पुस्तक लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालतं. घरगुतीपेक्षा महाग पडतो, पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या विक्रेत्याकडे बदलून मिळतो. फिरत्या माणसाला आणखी काय हवं! आम्ही दोन घेतले. तिथेच काट्यावर ठेवून पाहिले. कड्यावर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं, त्यात पाच मिळवले की काट्यावरचा आकडा जुळला पाहिजे. तपासणीची मुदतही तिथेच लिहिलेली असते. आमच्या एकावर बी-२८ होतं, म्हणजे २०२८ सालची जूनअखेर. ए, बी, सी, डी हे वर्षाचे चार तिमाही भाग, हे मला तोवर माहीत नव्हतं.

खरं काम उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत झालं. तिथल्या एका फॅब्रिकेटरमामांनी जुनी टाकी काढली आणि पत्र्याची पेटी केली. तिचं दार बाहेरून उघडतं, आत राहायच्या भागाशी संबंध नाही. तळाला मात्र भोकं पाडायलाच हवीत, यावर मी अडून बसले. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर खाली साचतो, त्याला बाहेर पडायला वाट तळातूनच हवी. भोकं सायलेन्सरपासून लांब घेतली. सिलिंडर उभाच राहील असा पट्टाही मारला, कारण आडवा झाला तर नळीत वायूऐवजी द्रव शिरतो. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून मामा स्वतः बराच वेळ बघत बसले. एका जोडाला बारीक बुडबुडा आलाच. नळी कापून नवी घातली, परत साबण लावला, मगच गाडी सोडली.

गाडी सुरू करताना रेग्युलेटर बंद करायचं काम आता आमच्या मुलीकडे. एक सिलिंडर साधारण दोन आठवडे जातो. तो संपला की दुसरा जोडतो आणि पुढच्या मोठ्या गावात रिकामा बदलून घेतो.

परवा जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो होतो, मलप्रभेच्या उगमाजवळ. पावसाची सर, बाहेर काही दिसेना. साडेसातला सासूबाईंच्या ताटात गरम भाकरी पडली.